गायब कात्री
कापड कापायची मोठी कात्री जागेवर नव्हती. शिवणकाम करणाऱ्या आईने आधी लेक कुठे आहे ते पाहिलं. गेल्या महिन्यात लेकाचा आजार उफाळला तेव्हा त्याने तिच्या डोक्यात स्टूल घातलं होतं. तीन टाके पडले. गिऱ्हाइकांना तिने कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं. आज तो नको इतका गप्प होता. तिने मशीनचे खण उपसले, त्याची उशी चाचपली. तो भिंतीला टेकून तिच्या हातांकडेच बघत होता. एक पाय दाराबाहेर ठेवून तिने विचारलं, "कात्री कुठंय रे?" "शेजारच्या काकूंकडे दिली. मी मागितली तरी देऊ नका म्हटलंय." त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. "आई, डोक्यातले आवाज पुन्हा तुझंच नाव घेतायत. दवाखान्यात जाऊया. मी पुढे चालतो, तू लांबून ये." त्याच्या पाठीमागे चालताना तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही.