खोट

तिसऱ्या वर्षीही पाऊस पडला नाही, तेव्हा याजकानं माझा पहिला मुलगा मागितला. "पहिलं पीक परमेश्वराचं, पहिलं कोकरू परमेश्वराचं. मग पहिला मुलगा तेवढा तुझा?" पोराला, यारेबला, खांद्यावर घेऊन मी बळी देतात त्या हिन्नोमच्या खोऱ्यात उतरलो. तो माझ्या अर्ध्या कानाशी खेळत होता. "बाबा, कोल्ह्यानं खाल्ला तेव्हा दुखलं का?" "तान्हा होतो रे, आठवत नाही." खाली जाळ पेटला होता. याजकानं हात पुढे केले, तोच माझी बायको धावत आली. हातात लोकर कातरायची सुरी. मी अडवण्याआधीच तिनं पोराचा कान कापला. "घ्या आता! खोट असलेलं कोकरू तरी चालतं का परमेश्वराला?" याजकानं हात मागे घेतले. मी तिच्यावर हात उगारला. "मारा! तुमचा कान कोल्ह्या-बिल्ह्यानं नव्हता खाल्ला. सासूबाईंनी मरताना सांगितलंय मला."