निम्म्याहून कमी

तिने कडी काढली, मागचं दार उघडलं, आणि आत माल नव्हता. एक चटई होती, गुंडाळून कडेला लावलेली. तिच्यावर एक उशी. ही उशी महिन्याभरापूर्वी गच्चीत वाळत घातलेली गायब झाली होती आणि तिने खालच्या शेजारणीवर आळ घेऊन तिच्याशी बोलणं टाकलं होतं. टेम्पो तिच्या नवऱ्याचा होता.

तिला काहीच वाटलं नाही. राग यायला हवा होता, निदान रडू तरी. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात तसं सगळं अंग झालं होतं. हात मात्र सवयीने चालत होते. तिने टॅब काढला आणि गाडीचा नंबर टाकला.

शहराच्या उत्तर नाक्यावर तिची नेमणूक होती. नियम सरळ होता, आणि तिच्या मते चांगलाही होता. पूर्वी एकेका दुकानासाठी एकेक टेम्पो दोन खोकी घेऊन गावभर धूर सोडत हिंडायचा. आता माल शहराबाहेरच्या गोदामात एकत्र व्हायचा आणि बॅटरीवरच्या तीनचाकी गाड्या तो गच्च भरून आत न्यायच्या. बाकीच्या टेम्पोंना बंदी नव्हती, फक्त मोकळं फिरायचं नाही. एखाद्याकडे निम्म्याहून कमी माल तीनदा सापडला की परवाना रद्द.

जेवताना ती घरी याच गोष्टी सांगायची. "एवढाले टेम्पो रिकामे कशाला फिरवतात कोण जाणे," असं ती परवाच म्हणाली होती. नवरा हो ना, हो ना म्हणाला आणि पाणी आणायला उठला. तो सकाळी सहाला निघायचा, संध्याकाळी सातला दमून यायचा. आज फार माल होता म्हणायचा. ती त्याच्या पाठीला मलम चोळून द्यायची.

गेला आठवडाभर तो याच नाक्यावरून आत जात होता. घरापासून दक्षिण नाका जवळ, तरी हा एवढा वळसा घालून येतो याचं तिला मनातून बरं वाटायचं. आपल्याच माणसाची गाडी काय उघडायची, म्हणून ती हसून हात हलवायची आणि सोडून द्यायची. आज मात्र साहेबांचा हुकूम होता. ओळखीची असो की बिनओळखीची, प्रत्येक गाडी तपासा.

टॅबवर त्याची नोंद उघडली. दोन लाल खुणा होत्या. एक पाच आठवड्यांपूर्वीची, एक गेल्या पंधरवड्यातली. दोन्ही दक्षिण नाक्यावरच्या.

तो खाली उतरून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. ड्रायव्हरला विचारायचे प्रश्न ठरलेले होते. घरीही ती त्याला अहोजाहोच करायची, त्यामुळे निदान तेवढं अवघड गेलं नाही.

"कुठून निघालात?"

"घरून."

"कुठे चाललात?"

"नदीकाठच्या वाहनतळावर. तिथे दिवसभर सावली असते."

"कधीपासून?" हा प्रश्न टॅबवर नव्हता.

"दीड महिना झाला. मी ज्यांचा माल न्यायचो ती तिन्ही दुकानं गोदामाकडे गेली."

दीड महिना. तिने मनातल्या मनात दिवस मोजायला घेतले आणि मध्येच सोडून दिले. मागे तीन गाड्या उभ्या होत्या. साहेब केबिनमध्ये फोनवर बोलत होते, तेही पाठ करून. स्क्रीनवर तीन चौकोन होते: पूर्ण, निम्मा, निम्म्याहून कमी. फोटो लागत नव्हता. तिच्या शब्दावर सगळं चालायचं, आणि सात वर्षांत तिने एकही नोंद खोटी केली नव्हती. पण हा टेम्पो त्याने लग्नाच्याही आधीपासून चालवला होता. परवाना गेला तर या माणसाला धरून राहायला काय उरणार, एवढंच तिला कळत होतं. तिने बोट 'पूर्ण' वर नेलं.

त्याने तिचं मनगट धरलं.

"अहो, सोडा. कुणी बघत नाहीये," ती हळूच म्हणाली. "ही तिसरी खूण होईल. परवाना जाईल तुमचा."

"ठाऊक आहे."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. त्याने हात सोडला नाही. आवाज मात्र रोजच्यासारखाच होता, भाजी काय आणू असं विचारताना असतो तसा.

"घरी सांगायला जमेना, म्हणून आठवडाभर तुझ्या समोरून गाडी नेतोय. तू रोज हसून सोडून देतेस. आता खरं काय ते लिही, म्हणजे उद्या सकाळी मला निघायला नको."