उपकाराची साक्ष

मिस टॉलिव्हरनं फाइल मिटली आणि ती पहिल्यांदाच हसली.

"जिंकलो आपण, मिसेस गेन्स. तीस वर्षांची शिक्षा वरच्या कोर्टानं बेकायदा ठरवून रद्द केली. दुकान लुटल्याबद्दल कायद्यात जास्तीत जास्त वीसच आहेत."

ओलेथा गेन्सनं टेबलाची कड घट्ट धरली. "मग माझा लॅव्हेल घरी कधी येतो?"

शिक्षा आता नव्यानं ठरायची होती. वीस वर्षं तर त्याची भरत आलीच होती. पण पाटी कोरी झाली की सरकारी वकीलही तिच्यावर लिहू शकतो, असं वकीलबाईनं समजावलं. आधीचे तीन गुन्हे, मग ते दुसऱ्या राज्यातले का असेनात, शाबीत झाले तर इथल्या कायद्यात जज्जाच्याही हातात काही उरत नाही. माणूस मरेपर्यंत आत.

"आधीचं काही नाही ना त्याचं?"

"माझ्या देवानं सगळं धुऊन टाकलंय, पोरी."

मिस टॉलिव्हर हसली. रेकॉर्ड तिनं तपासलंच होतं, त्यात लॅव्हेल गेन्सचं दुसरं काही नव्हतं. तारखेपर्यंत कोर्टाबद्दल कुणाशी बोलू नका, एवढं मात्र तिनं दोनदा बजावलं. ओलेथानं शब्द दिला, आणि तो पाळलाही.

शनिवारी तुरुंगाच्या काचेपलीकडून लॅव्हेल म्हणाला, "ममा, पीच कॉब्लर करशील ना? साखर घालून. मागच्या वेळी विसरली होतीस."

"मागच्या वेळी तू विशीतला होतास. अजून तेच धरून बसलायस?"

दोघंही हसली. मग त्यानं काचेला तळहात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

रविवारी रेव्हरंड स्टॉलवर्थ प्रवचनाला उभे राहिले. सुरुवात नेहमीसारखी, गप्पा मारल्यासारखी. मग ऑर्गन हळूच मागून आला, शब्दांना सूर धरू लागला, आणि बघता बघता बोलणं गाणं झालं. बाकं डोलायला लागली. या मंडळीत देवाचा उपकार चारचौघांत सांगितला नाही, तर तो चोरल्यासारखा मानतात. ओलेथाला बसवेना. ती उभी राहिली.

कोर्टाचं नाव तिनं काढलं नाही. ती देवाचंच बोलली, रेव्हरंडांच्याच सुरात.

"नदीपलीकडे मिसिसिपी राज्यात सैतानानं माझ्या लेकराला पुन्हा पुन्हा कोठडीत टाकलं, देवा, पुन्हा पुन्हा तूच बाहेर काढलंस. याकोबाला दिलंस तसं त्यालाही तू नवं नाव दिलंस. आयझाया पेटवे बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडाला, आणि लॅव्हेल गेन्स वर आला."

सगळं चर्च उठलं. टाळ्या, डफली, रडणं. ओलेथाचा तोल गेला, तेव्हा पांढरे हातमोजे घातलेल्या सिस्टर व्हर्नेलनं तिला सावरलं. चर्चमध्ये ती नवीच होती. दारात उभी राहून लोकांना जागा दाखवायची. तिनं ओलेथाला पंख्यानं वारा घातला, रुमाल दिला.

"तुमच्या लेकासाठी मी रोज प्रार्थना करीन, मदर," ती कानाशी म्हणाली. "कुठल्या नावानं करू?"

ओलेथानं तिचा हात दाबला. "दोन्ही नावांनी कर, बाई. पेटवे माझ्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव. देवाला दोन्ही ठाऊक आहेत."

तारखेच्या सकाळी तिनं पीचचं गोड कॉब्लर ओव्हनमधून काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि गाडीत ठेवलं. येताना लॅव्हेलला वाटेतच खाता येईल.

कोर्टात लॅव्हेल इस्त्रीच्या शर्टात उभा होता. आईकडे बघून त्यानं ओठांनीच 'साखर?' असं विचारलं. तिनं मान डोलावली. मिस टॉलिव्हर निवांत बसली होती. सरकारी वकिलाच्या मागच्या खुर्चीत ओलेथाला ओळखीचा चेहरा दिसला, आणि तिला भरून आलं. सिस्टर व्हर्नेल प्रार्थना करायला इथवर आली होती. आज तिच्या हातात हातमोजे नव्हते, पंखाही नव्हता.

ओलेथानं तिला हात केला. सिस्टर व्हर्नेलनं नजर खाली वळवली.

जज्ज आले. सगळे उठले, बसले. कारकुनानं घसा साफ करून खटला पुकारला:

"सरकार विरुद्ध लॅव्हेल गेन्स, ऊर्फ आयझाया पेटवे."