डिकीतली पेटी

"आता काढ ते," नोरीन म्हणाली. "पूल ओलांडला की मग उशीर होईल."

रसेलने गाडी महामार्गाकडेच्या थांब्यावर ट्रकांच्या आडोशाला घेतली. समोर डेलावेअर नदी, पलीकडे न्यू जर्सी. अलीकडे, पेनसिल्व्हेनियात, तो कमरेला पिस्तूल लावून किराणा आणायचा, चर्चमध्ये बसायचा. खिशात परवाना होता, कोणी हूं की चूं करत नसे. पलीकडे मात्र त्या परवान्याची किंमत रद्दीएवढी.

"मधे दोनच तर राज्यं आहेत. कोण येतंय बघायला?"

"तुझ्या क्लबातल्या डेनिसला तिथे पलीकडे कोण बघायला आलं होतं? मागचा दिवा फुटला म्हणून पोलिसाने थांबवलं, आणि हा शहाणा आपणहून म्हणतो, 'ऑफिसर, माझ्याकडे पिस्तूल आहे बरं का.'"

आपल्याकडे असं आधीच सांगून टाकणं सभ्यपणाचं समजतात. तो सभ्यपणा डेनिसला तुरुंगात घेऊन गेला. वर परवाना गेला, घरातली हत्यारं गेली. तुरुंग एक वेळ सोसता येईल, रसेलला वाटलं, पण पिस्तुलावाचून उरलेलं आयुष्य काढायचं म्हणजे काय?

या विषयावर त्यांच्या नेमबाजी क्लबात एक व्याख्यान झालं होतं. रसेल बायकोला जाईल तिथे सोबत नेई, तसं तिथेही नेलं होतं. तो मागच्या रांगेत डोनट खात पेंगत बसला. नोरीनने मात्र शब्दन् शब्द ऐकला, वर प्रश्नही विचारले. तेव्हा त्याला हसू आलं होतं.

"हं, पुन्हा सांगा मास्तरीणबाई," तो म्हणाला.

"गोळ्या वेगळ्या. पिस्तूल रिकामं, पेटीत. पेटीला कुलूप, पेटी डिकीत. मधे रेंगाळायचं नाही. पेट्रोल आणि बाथरूम, बस्स. थेट व्हरमाँट."

"आणि तिथे?"

"तिथे परवानासुद्धा लागत नाही. लाव कमरेला आणि बस मासे धरत."

सरोवरावर मासे धरायला जायची कल्पनाही तिचीच. लग्नाला इतकी वर्षं झाली, माशांच्या नुसत्या वासानेही ती तोंड फिरवायची. बायको अखेर सुधारली, असं रसेल क्लबात चारचौघांना सांगूनही आला होता.

त्याने पिस्तूल रिकामं केलं. पेटीला कुलूप लावलं. नोरीन हात पुढे करून उभीच होती.

"किल्ली इकडे दे. चालवणाऱ्याच्या खिशात कशाला? उगाच शंकेला जागा."

"तू वकीलच व्हायला हवं होतंस." किल्ली तिच्या पर्समध्ये गेली.

पूल मागे पडला आणि रसेलला भर रस्त्यात पँट सुटल्यासारखं वाटू लागलं. हात राहून राहून पट्ट्याकडे जाई. एक पोलिसाची गाडी शेजारून सुळकन गेली तेव्हा त्याने एकदम वेग कमी केला. काही गुन्हा केलेला नसताना माणसाने इतकं घाबरावं, याचा त्याला भयंकर राग आला. आणि रागाचं करायचं काय, तेही कळेना.

"हात स्टिअरिंगवर ठेव," नोरीन म्हणाली.

"आज फार तोंड चालतंय तुझं."

"सँडविच खातोस?" तिने विचारलं. "आज टोचणार नाही तुला."

बसून जेवताना पिस्तूल बरगडीला टोचतं, म्हणून घरी तो ते काढून ताटाशेजारी ठेवी. त्यात काय एवढं? पण नोरीनची बहीण लोइस थँक्सगिव्हिंगला आली होती, तेव्हा तिला ते खपलं नाही. जरा कुठे दोन शब्दांवरून चार शब्द झाले होते, तर बाईसाहेब भरल्या ताटावरून उठल्या आणि आपल्या हिरव्या खटाऱ्यात बसून निघून गेल्या. त्यानंतर रसेलने तिला दारात उभं केलं नव्हतं. घरात शांतता होती. नोरीन वाद असा घालतच नसे.

पेट्रोल पंपावर तो सवयीने खाली उतरला. पांढऱ्या मिशांचा एक माणूस लगबगीने आला.

"बसा साहेब, आत बसा. इथे गिऱ्हाइकाने भरायचं नसतं. कायदा आहे."

"तुमच्या राज्यात माणसाला स्वतःचं नाक तरी पुसू देतात का?"

"नाक पुसा की, त्याला बंदी नाही."

"अर्धी टाकी भर," रसेल म्हणाला आणि तणतणत आत बसला.

"मी आलेच," नोरीन म्हणाली. एरवी तो बाथरूमच्या दारापर्यंत तिच्या सोबत जाई. पण पेटी डिकीत टाकून, परक्या मुलखात, गाडी सोडून जायला त्याचं मन धजेना. जाता जाता ती पंपवाल्यापाशी थांबून काहीतरी बोलली. आज जगाशीच गप्पा मारायच्या होत्या तिला.

वेळ गेला. बायकांना लागतोच. रसेलने आरशात डिकीकडे पाहिलं, मग बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं.

पंपवाल्याने काचेवर टकटक केली. "टाकी फुल्ल झाली, साहेब."

"अर्धी म्हणालो होतो ना मी?"

"बाईंनी पूर्ण भरायला सांगितली. म्हणाल्या, साहेबांना इथून घरापर्यंत एकट्यालाच परत जायचंय."

त्याच्या पाठीमागून एक हिरवी गाडी सावकाश महामार्गाकडे वळत होती. चालवणाऱ्या बाईच्या शेजारी नोरीन पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

रसेलचा हात सवयीने कमरेकडे गेला, आणि नुसत्या पट्ट्यावर थांबला.