रविवारचं फुलपाखरू

नरेंद्र दर रविवारी अंबरनाथ एमआयडीसीतल्या ड्युटीवरून, मोबाइलनेच, घरच्या प्रिंटरवर एक रंगीत फुलपाखरू पाठवायचा. त्यामुळे प्रिंटरमधली शाईही सुकत नसे आणि लेक उत्पला प्रिंटरकडे डोळे लावून बसायची. तो वारला आणि प्रिंटर तसाच पडून राहिला.

आज त्याच्या बायकोने, अस्मिताने, गुपचूप प्रिंटरचं हेड काढलं, औषधाच्या सिरिंजने कोमट पाणी सोडत चोंदलेली शाई धुतली आणि वाळवून परत बसवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन मोबाइलवर बटण दाबलं. फुलपाखरू आलं, पंखांवर तेवढ्या पांढऱ्या रेघा.

"बघ गं, बाबांनी पाठवलं!"

उत्पलाने आईच्या निळ्या बोटांकडे पाहिलं आणि कागद छातीशी धरला.

"हो. पण पुढच्या रविवारी आधी हात धू हं आई, मग पाठव."