खिळ्यावरची रोटी

आजोबा मंत्री, वडील राजदूत, मीही राजदूत. समरकंदच्या आमच्या घरातून जो लांब निघेल त्याने रोटीचा एक चावा घ्यायचा. उरलेली रोटी आई भिंतीवर खिळ्याला टांगायची, त्यानेच परत येऊन संपवायला.

"साऱ्या जगाशी बोलणी करता, राजदूतसाहेब, एकदा आईशीही करा. तुमची रोटी दगड झालीय," ती फोनवर म्हणायची.

"पुढच्या सुट्टीत नक्की येतो, आई."

मी घर सोडल्याच्या सहाव्या वर्षी शेजारणीचा फोन आला, आईला दवाखान्यात नेलंय म्हणून. मी पोचलो तोवर दफनही उरकलं होतं. रिकाम्या घरात मी माझी रोटी उतरवायला गेलो.

 

शेजारच्या खिळ्याला नवी रोटी होती, आणि तिच्या कडेला आईच्या उरलेल्या एकाच दाताची खूण.