वळणावरची घंटी

सोनाळ्यापुढच्या अभयारण्यात सायकली चढाला लागल्या आणि जयमालाचा जळफळाट सुरू झाला. पुण्याहून आलेली आतेबहीण इरा गिअरच्या सायकलवर आबाआजोबांच्या बरोबरीनं चढत होती. जयमालाची जड सायकल मागं कुरकुरत होती. “वा वं, माही वाघीण!” आबा इराला म्हणाले. दरवर्षी हे कौतुक जयमालाच्या वाट्याला यायचं. एकदा इराची ती सायकल चालवायला मिळावी, एवढंच तिच्या मनात होतं. आंधळ्या वळणाआधी आबा थांबले. “समोर अस्वलं रायतेत. आवाज आयकला का बाजूले होतेत. इरा, घंटी वाजव.” “माझ्या सायकलला घंटीच नाही.” आबांची कधीचीच तुटलेली. “जयमाले, तू हो समोर!” जयमालानं दणक्यात घंटी वाजवली, झाडीत काहीतरी सळसळत दूर गेलं. “सायकली बदलायच्या का?” इरानं हळूच विचारलं. चकचकीत गिअरांकडं पाहत जयमाला म्हणाली, “आता नाई वं. अजून वळणं हायेत.”